राहेलआत्याच्या घरचं पाणी

पिंगळीला पॅसेंजर दोन मिनिटं थांबते. त्यातलं एक मिनिट इंजिन सुस्कारे टाकण्यात घालवतं. उरलेल्या मिनिटात टोपल्या, कोंबड्या, म्हाताऱ्या आणि मी, असे सगळे एकमेकांच्या पायावर पाय देत खाली उतरतो. आधी नाकात कोळसा जातो. चैत्रात आलं तर त्याच्या मागोमाग निंबाचा मोहोर. आज दोन्ही होते. पिशवी खांद्याला लावून मी फलाटावरच्या निंबाखाली पाहिलं. ते लाकडी बाकडं तसंच आहे, एका पायानं लंगडं. त्याच्यावर उभं राहून एके काळी मी आमच्या अख्ख्या मंडळीच्या नकला करून दाखवायचो.

आमची मंडळी म्हणजे आमच्या गावातली ख्रिस्ती माणसं. स्टेशनापासून दोन कोसावर गाव, गावाच्या कडेला आमची पंधरा-वीस घरं, आणि घरांच्या मधोमध चर्च. चर्च म्हणजे काय, पत्र्याची एक लांबट खोली. उन्हाळ्यात आत बसलं की पाठीचं भरीत व्हायचं, आणि पावसाळ्यात पाळकसाहेब काय बोलतात ते फक्त त्यांनाच कळायचं. पण रविवारी सकाळी त्या खोलीला जो वास यायचा तो मला पुन्हा कुठं मिळाला नाही. नव्या चुन्याचा, डोक्याला चोपडलेल्या तेलाचा, पेटीच्या भात्यातल्या जुन्या धुळीचा, आणि बायकांच्या पदरात अडकून आलेला पऱ्हाटीच्या धुराचा. चूल विझवून त्या थेट चर्चला यायच्या ना.

आणि आवाज. मी पोरगा होतो तेव्हा मला माणसं चेहऱ्यानं लक्षातच राहायची नाहीत, आवाजानं राहायची. लाजरसकाका आमचे पंच, म्हणजे मंडळीचा सगळा कारभार त्यांच्याकडं. ते प्रार्थनेआधी तीनदा खाकरायचे. पहिलं खाकरणं घशासाठी, दुसरं आम्हा पोरांसाठी, आणि तिसरं, मला वाटतं, वर देवाला सावध करायला. पाळकसाहेब नगरकडचे. परभणीहून सायकल मारत यायचे, आणि धाप लागलेली असतानाच इतकं शुद्ध बोलायचे की दारातल्या शेळ्यासुद्धा रवंथ थांबवायच्या. हंगामाच्या सणाला लोक ज्वारीची कणसं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या घेऊन यायचे. एका वर्षी ऐन आशीर्वादाच्या वेळी टेबलाखालच्या कोंबडीनं अंडं घातलं आणि ते साऱ्या मंडळीला ओरडून सांगितलं. मी पाळकसाहेब आणि कोंबडी दोघं एकाच दमात करायचो. लय मागणी होती त्याला.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे दान्या. दानियल त्याचं नाव, राहेलआत्याचा एकुलता एक. आत्या म्हणजे काही सख्खी नाही, आमच्यात सगळ्यांचीच ती आत्या. नवरा कधीच गेलेला, दुसऱ्यांच्या रानात खुरपून तिनं दान्याला वाढवला. दान्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, दांडगा, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला बाभळीपाशी पोचला की तिथनंच ओरडायचा, ‘माय, भाकर टाक, मी आलो.’ ‘माय’ लांबवायचा आणि ‘आलो’ गिळून टाकायचा. मी त्याच्यासमोरच त्याची नक्कल करायचो. तो पोट धरून खाली बसायचा आणि म्हणायचा, अजून एकदा कर.

मग दान्या लांब कुठं तरी कामाला गेला. सुरुवातीला पत्रं यायची, पुढं येईनाशी झाली. तेव्हापासून आत्या दर रविवारी उभी राहून प्रार्थना करायची. ती प्रार्थना कंदिलाची वात वर करावी तशी हळूहळू चढायची. ‘परभू’ म्हणताना ‘पर’वर तिचा गळा दाटायचा आणि ‘भू’ एक अख्खा श्वास झाल्यावर यायचा. त्या मधल्या जागेत पत्र्याखालच्या चिमण्या ऐकू यायच्या. माझ्या लेकराला घरी आण, एवढंच मागणं. दर रविवारी तेच.

मी परभणीला हायस्कुलात जायला लागलो, जुन्या मॅट्रिकला. रोज सकाळी पॅसेंजर, संध्याकाळी पॅसेंजर. गाडी कधी वेळेवर आली असेल तर ती आदल्या दिवसाची. मग निंबाखाली पोरं जमायची आणि फर्माईश व्हायची. लाजरसकाका झाले, कोंबडी झाली, आणि एक दिवस मी आत्याची प्रार्थना केली. ‘पर’ म्हणालो, गळा दाटवला, थांबलो, अख्खा फलाट थांबला, आणि मग ‘भू’. पोरं बाकड्यावरून खाली पडली. त्या दिवसापासून तो माझा खास आयटम झाला. चहा, पेरू, एकदा तर तिकीट तपासनीसानं बसायला जागा दिली त्याच्यावर.

तिथून पुढं रविवारी आत्या उभी राहिली की मी नीट ऐकायचो. लय नीट ऐकायचो. आज हुंदका कुठं आला, पदर कोणत्या हातानं डोळ्याला लावला, नवीन काही आहे का. पाळकसाहेब प्रवचनात सांगायचे, मन कठीण होऊ देऊ नका, रोज जपा. कठीण मनाचा माणूस म्हटलं की माझ्यासमोर जुन्या काळचा एखादा हट्टी राजा यायचा, कपाळाला आठ्या, हातात चाबूक. मी तर हसरा पोरगा. चर्चला दर रविवारी जाणारा, गाणी पाठ असलेला. आपल्याला काय होतंय. मन हसत हसतही कठीण होतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर मी सांगणाऱ्याचीही नक्कल केली असती, ते वेगळं.

पौषात दान्या गेल्याची तार आली. कसा, कुठं, ते मोठ्या माणसांनी कुजबुजत आपसात ठेवलं. आम्हाला एवढंच दिसलं की आत्याच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही आणि आळीपाळीनं सगळ्या घरांतून तिला भाकर गेली.

त्या रविवारी ती आली. उभी राहिली.  ती ‘पर’ म्हणाली आणि थांबली. मागच्या ओळीतल्या दोघा पोरांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी हसलो. ठरवून नाही. उचकी लागावी तसं. फुस्सकन, नाकातून, आणि मग दाबता दाबता मोठ्यानं. त्या पत्र्याच्या खोलीत ते हसू एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं आणि परत आलं. आत्यानं मागं वळून पाहिलं नाही. ‘भू’ त्या दिवशी आलाच नाही. ती खाली बसली.

आता आमच्यातली एक रीत सांगायला पाहिजे. दर तीन महिन्यांनी प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी पोळीचा तुकडा आणि मनुकांच्या रसाचा घोट घ्यायचा, आणि त्याच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी तयारीची सभा. त्या सभेत लाजरसकाका तीनदा खाकरून एकच प्रश्न विचारायचे, कुणाचं पाणी कुणाकडं राहिलंय का. म्हणजे असं, की ज्याच्याशी तुमचं बिनसलंय त्याच्या घरी जाऊन, जे बोलायचं ते बोलून, त्याच्या हातचं पाणी पिऊन यायचं. पाणी प्यायलं की भांडण मिटलं. नाही प्यायलं, तर उद्याच्या भोजनाला हात पुढं करायचा नाही. आमच्या आज्या-पणज्यांना गावच्या आडावर कुणी पाणी घेऊ देत नव्हतं. ते ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी ठरवलं म्हणे, की बाहेरच्यांनी आपलं पाणी तोडलं ते तोडलं, आपण आपल्यात कुणाचं तोडायचं नाही. सासू-सुना, भाऊ-भाऊ, शनिवारी दुपारपासून तांबे वाजायचे. माझी आणि चुलतभावाची तर दर तिमाहीला फेरी ठरलेली.

माझ्या हसण्यानंतरचा तयारीचा शनिवार आला, तेव्हा लाजरसकाकांनी विचारलंच नाही. माझ्या दंडाला धरलं आणि सरळ राहेलआत्याच्या दारात उभं केलं.

आत्या परातीत पीठ मळत होती. मी तिच्या पायाशी बसलो आणि रडलो. काय रडलो म्हणून सांगू. गळा दाटला, शब्द मधेच तुटला, एक श्वास थांबून पुढचा शब्द आला, हात डोळ्याला गेला. लाजरसकाकांचे डोळे भरून आले. मला आतल्या आत वाटलं, जमलं.

आत्याचे हात पिठात थांबले.

“हे रडणं माझं हाय,” ती म्हणाली. “दर ऐतवारी मी असंच रडते. माझंच मला आणून देतोस का रे?”

लाजरसकाका मधे पडले. “अगं बाई, लेकरू रडायलंय. पाणी दे त्याला.”

“रडत न्हाई ते काका. रडून दाखवायलंय.”

माझं रडणं तिथंच थांबलं. मला रागच आला. म्हणालो, म्हणजे काय, मी दगड झालो का?

“दगूड बरा,” आत्या म्हणाली. “दगडाचं जातं तरी होतं. तुझ्या पिठाची विरी गेलीय. दिसायला पीठच, पर थापाया घेतलं की चिरा.” विरी म्हणजे ज्वारीच्या पिठातला चिकटपणा, दळण जुनं झालं की जातो तो. तिनं हात झटकले. “असलं पीठ मी फेकत न्हाई. कढत पाणी घालून मळते. तुझं रडणं आलं की ये. तांब्या भरून ठिवते.”

मी बाहेर पडलो. बाभळीपाशी पोचायच्या आत माझे डोळे कोरडे ठणठणीत होते. ती खरं बोलली होती हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी लाजरसकाका पोळीचे तुकडे घेऊन ओळीनं आले. उकळलेल्या मनुकांचा वास घेऊन मागून पेले आले. माझ्यापाशी त्यांचा हात जरा रेंगाळला, मग पुढं गेला. बायकांच्या बाजूनं माझी माय बघत होती. तिनंही त्या दिवशी घेतलं नाही. का घेतलं नाही ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

सोमवारी मी बाकड्यावर चढलो आणि नवा आयटम केला. पाणी न देणारी म्हातारी. पोरं हसली. एक गौतम हसला नाही. गौतम पिंगळीचाच, माझ्या वर्गातला, त्याच्या घरच्यांनी बाबासाहेबांच्या मागं जाऊन बौद्ध धम्म घेतलेला. गाडीत मी आणि तो कायम शेजारी बसायचो आणि एकमेकांच्या देवांवरून, म्हणजे माझ्या देवावरून आणि त्याच्या नसलेल्या देवावरून, एकमेकांना चिडवायचो. गाडी सुटल्यावर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “माझी आजी आडापाशी ओंजळ धरून उभी ऱ्हायची. वरनं कुणी ओतलं तर पाणी. तुझी बी ऱ्हायली आसंल.” मग माझ्याकडं वळला. “काय बी कर तू. पाण्याचं नको करू.”

त्या दिवशी मी फार वेळ खिडकीला डोकं लावून बसलो. कोळशाची कुसळं डोळ्यात जात होती आणि मी डोळे मिटत नव्हतो. पाणी येईल म्हणून. आलं, पण ते कोळशाचं.

मग मी नकला बंद केल्या. पोरांना घसा बसलाय म्हणून सांगितलं. महिनाभर घसा बसलेला बघून एकानं मला खडीसाखर आणून दिली. रविवारी चर्चला जायचो, कडेला बसायचो. आत्याची प्रार्थना बदलली होती. मंडळीतल्या आजाऱ्यांसाठी मागायची, पाण्यापावसासाठी मागायची, आणि मग दान्याचं नाव यायचं त्या जागेपाशी येऊन थांबायची. हुंदका नाही, काही नाही. नुसती थांबायची, आणि त्या जागेला वळसा घालून पुढं जायची. कुणी वाटेत निजलेल्या माणसाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून जपून जावं तशी. मी पहिल्यांदाच ऐकत होतो की तिथं काय नाही. त्याची नक्कल कशी करणार? तिथं धरायला काहीच नव्हतं.

चैत्र आला. परीक्षा झाली. पुन्हा तयारीचा शनिवार. मी काही जाणार नव्हतो. दुपारी उन्हात बाभळीपाशी नुसता उभा होतो, तर आत्यानंच दारातून हाक मारली. गेलो. तिनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं, बस म्हणाली, आणि स्वतः समोर बसली.  चुलीवर कसलं तरी आधण खदखदत होतं.

“तुला एक मागू का?” ती म्हणाली. “मला दान्याचा आवाज आठवना झालाय.”

मला कळलं नाही.

“तोंड दिसतंय डोळ्यापुढं. आवाज न्हाई येत. रात-दिस कान लावून बसते, पर न्हाई येत. चर्चात नाव घ्यायला जाते तर भ्या वाटतं, आता नाव बी जाईल का काय. तू काढायचास ना त्याचा आवाज. साऱ्या गावात तुझ्यापाशीच ऱ्हायलाय तो. एकदा काढ.”

माझ्यापाशी होता. पक्का होता. ‘माय’ किती लांबवायचा, ‘आलो’ कुठं गिळायचा, सगळं ठाऊक. मी तोंड उघडलं आणि तिच्याकडं बघितलं. इतकी वर्षं मी तिचे ओठ बघितले होते, हात बघितला होता, पदर बघितला होता. तोंड बघितलं नव्हतं. ते तोंड माझ्या आवाजाची वाट बघत होतं. ज्या आवाजानं तिला हसलो, त्याच आवाजाची. तिनं मान जरा पुढं केली होती, कमी ऐकू येणारी माणसं करतात तशी.

‘माय’ म्हणायला गेलो आणि घशातून भलतंच काही बाहेर आलं. रेडकू ओरडतं ना, तसं. हेंगाडं, बेसूर. मग थांबेचना. नाक वाहायला लागलं, उचक्या लागल्या, शब्दाला शब्द लागेना. मी नुसतं आत्या, आत्या म्हणत होतो आणि तेही नीट येत नव्हतं. माझ्या उभ्या जन्मात मी इतका वाईट आवाज काढला नव्हता.

आत्यानं मला रडू दिलं. पाठीवर हातबीत फिरवला नाही. जरा उसंत पडल्यावर तिनं विचारलं,

“हे कुणाचं?”

“माझं,” म्हणालो.

ती उठली, तांब्या भरून आणला, माझ्या हातात दिला. मी पाणी प्यायलो. अर्धं अंगावर सांडलं. ते पाणी आमच्या सगळ्यांच्या घरात यायचं त्याच विहिरीचं, जरासं मचूळ. मला ते संपूच नये असं वाटलं.

मग तोंड पुसून मी बाहेर गेलो, बाभळीपाशी उभा राहिलो, आणि दान्याच्या आवाजात हाक दिली. माय, भाकर टाक, मी आलो. दोन घरांतली माणसं दचकून दारात आली. आत्याच्या घरातून काही आलं नाही. मी थांबलो. पुन्हा हाक द्यावी की नाही कळेना. तेवढ्यात आतून तिचा आवाज आला, कामात असलेल्या बाईचा असतो तसा, जराही न दाटलेला.

“आले रे. हातपाय धू आधी.”

दुसऱ्या दिवशी लाजरसकाकांचा हात माझ्यापाशी थांबला. बायकांच्या बाजूला मायनंही घेतलं. आणि आत्या उभी राहिली तेव्हा दान्याचं नाव घेऊन तिनं देवाला सांगितलं, सांभाळ त्याला. वळसा घातला नाही.

पुढं वर्षभर ती कधी कधी म्हणायची, काढ रे जरा. मी बाभळीपाशी जायचो. एक दिवस म्हणाली, आता पुरे, आता माझ्या कानात बसला तो.

आता मी मास्तर आहे, राणीसावरगावला. पोरांना कावळा, बैल, मोटारगाडी, हेडमास्तर, सगळं करून दाखवतो, त्याशिवाय ती पाढे म्हणत नाहीत. मन एकदा मऊ झालं की झालं, पुढं बघायला नको, असं मला वाटायचं. ते काही खरं नाही. मागच्याच पंधरवड्यात एका पोराची पाटी फुटली. तो रडायला लागला, आणि रडताना ‘गुर्जी’ हा शब्द त्याला तीन तुकड्यांत यायला लागला. माझ्या हातून कधी झालं कळलंच नाही, मी त्याच तीन तुकड्यांत त्याला उत्तर दिलं. वर्ग हसला. पोरगा रडायचा थांबला आणि माझ्याकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. शेतकऱ्याचं घर, दारात बैलं. मी पोरापुढं उकिडवा बसलो आणि म्हणालो, माझं चुकलं. पोरगा आईच्या मागं लपला. आई बिचारी चहा टाकते म्हणाली. मी म्हणालो, चहा नको, पाणी द्या. ती म्हणाली, गुर्जी, घरी येऊन कोरडं पाणी? मी म्हणालो, त्याच्या हातानं द्या. पोरानं तांब्या आणला, दोन्ही हातांनी धरून, निम्मं सांडत. माझ्याकडं संशयानं बघत होता, आता हा माणूस पाणी पिण्याची पण नक्कल करतोय की काय. सकाळी शाळेत आला. नवी पाटी दाखवली.

हे सगळं आत्याला सांगायचं म्हणून आज आलोय. उद्या प्रभुभोजन आहे. दर तीन महिन्यांनी मी असा येतो. आधी बस, मग गंगाखेडहून गाडी, परभणीला गाडी बदलून पिंगळी. पुढं दोन कोस पायी. कुणी विचारलं एवढा कशाला हेलपाटा, तर म्हणतो, पीठ जुनं व्हायला वेळ लागत नाही.

करडई निघून गेलीय. रिकाम्या रानावर वारा गरम होत चाललाय. चर्चच्या पत्र्याला कुणीतरी लाल रंग दिलाय, तो लांबूनच दिसला. गल्लीच्या टोकाला आलो. आत्याला आता नीट दिसत नाही. मी घसा साफ केला. माझा आवाज काही फार चांगला नाही, किरटा आहे, मधेच फाटतो, कुणाला ऐकावासा वाटेल असं त्यात काही नाही.

“आत्या,” मी म्हणालो, “आलो.”

आत काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“वळखला,” ती म्हणाली. “ये.”